शनवारी तेल मिळत नाही

पुण्याच्या रिक्षावाल्याला 'लाल देऊळ' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मीही लहानपणापासून तेवढंच सांगत आले. डेव्हिड ससून यांनी बांधलेलं आणि १८६७ साली पुरं झालेलं ते ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आईला मात्र ते आधीपासून ठाऊक होतं. आजोबा अलिबागच्या कचेरीत नोकरीला होते, त्यामुळे तिची शाळेची वर्षं इस्रायल आळीच्या तोंडाशी असलेल्या घरात गेली. बाकावर तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण त्याच आळीतली. पुढे ती मैत्रीण लग्न करून इस्रायलला गेली आणि अश्दोदला स्थायिक झाली. तिला जाऊन पन्नासाहून जास्त वर्षं झाली, पण दर रविवारी फोन येतो आणि तासभर मराठीत गप्पा चालतात.

गेल्या वर्षी त्या मावशीच्या गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालं. त्याआधी तिने नवस बोलला होता, 'बरी झाले तर टाप्यावर मलिदा करीन.' ती बरी झाली, पण विमानाचा प्रवास डॉक्टरांनी मना केला. मग तिने आईला सांगितलं, "माझ्या वतीने तू जा. वहिनी सगळं करील. तू फक्त समोर उभी राहा." फेब्रुवारीतल्या पाच दिवसांचा हा प्रवास त्या एका वाक्यामुळे झाला.

बुधवार, मुंबई

सकाळच्या गाडीने मुंबईला उतरलो आणि आधी मशीद बंदरला गेलो. मलिद्यासाठी खजूर, बदाम, काळ्या मनुका घ्यायच्या होत्या. त्यासाठी आईच्या मते मशीद बंदरशिवाय दुसरी जागा नाही.

या स्टेशनाच्या नावातली 'मशीद' मुसलमानांची नाही, ज्यूंची आहे, असं इथले जुने लोक सांगतात. हातगाड्या, पोती आणि हमालांच्या आरोळ्यांतून वाट काढत गेलं की सॅम्युएल स्ट्रीटच्या भागात 'शार हाराहमीम' लागतं. नावाचा अर्थ दयेचं द्वार. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा समाज. त्यांचं हे मुंबईतलं पहिलं प्रार्थनामंदिर, १७९६ सालचं. ते बांधलं सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी. घरचं नाव समाजी हसाजी दिवेकर. कंपनीच्या फौजेतले ते सुभेदार, टिपूच्या कैदेत सापडले. कुराणात 'बनी इस्राईल' हे नाव आहे, त्या नावामुळे त्यांचा जीव वाचला, अशी कथा आहे. सुटलो तर प्रार्थनेची जागा बांधीन, असा त्यांनी नवस केला होता आणि तो फेडला.

ओळखपत्र दाखवून, वहीत नाव लिहून आत गेलो. २००८ च्या नोव्हेंबरनंतर मुंबईतल्या अशा प्रत्येक जागेला पहारा आला आणि तो योग्यच आहे. मधोमध लाकडी कठडा असलेला उंच चौथरा, त्याला 'तेबा' म्हणतात. पश्चिमेच्या भिंतीला 'हेखल', म्हणजे तोराच्या, ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं कपाट. जेरुसलेम आपल्या पश्चिमेला, म्हणून तोंड पश्चिमेला. आई हळूच म्हणाली, "म्हणजे समुद्राकडे." ज्यांचे पूर्वज समुद्रातून आले ते समुद्राकडे तोंड करून प्रार्थना करतात, हे तिने माझ्याआधी टिपलं.

पुण्यात देऊळ, मुंबईत मशीद. शेजाऱ्यांच्या तोंडी जो शब्द होता तो त्यांनी देऊन टाकला. मला हे फार मोलाचं वाटतं. परक्याच्या देवघराला आपल्या देवघराचं नाव द्यायला मन मोकळं लागतं.

गुरुवार, खंडाळे

गेटवेहून सकाळच्या पहिल्या लाँचने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग. माघी पौर्णिमा कालच झाली होती. मामी स्टँडवर न्यायला आल्या होत्या. आईच्या मैत्रिणीची वहिनी ती माझी मामीच. नऊवारी नाही, पण अंबाडा, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. मंगळसूत्राकडे माझी नजर गेलेली पाहून म्हणाल्या, "आमच्यातही घालतात गं. हळद-मेंदी, सगळं होतं."

ज्यूंच्या शेवात महिन्याची पंधरावी तिथी म्हणजे झाडांचं नवं वर्ष. त्यांचे महिनेही चंद्राचे, म्हणून हा दिवस आपल्या पौर्णिमेच्या आगेमागे येतो. या दिवशी मुंबई-ठाण्याहून बसगाड्या भरून माणसं अलिबागजवळच्या खंडाळ्याला येतात. डोंगराच्या पायथ्याशी एक कातळ आहे. एलियाहू हानबी, म्हणजे एलिया प्रेषित, रथातून इथे उतरले आणि इथूनच वर गेले, अशी श्रद्धा. कातळावर लांबट रेघा आणि एक खोलगट ठसा आहे. चाकांच्या खुणा आणि घोड्याचा टाप. म्हणून जागेचं नाव 'एलियाहू हानबीचा टापा'.

मामींनी परात पुसून घेतली. रात्री भिजवून निथळलेले पोहे त्यात पसरले. त्यावर किसलेला गूळ, ओलं खोबरं, वेलची, जायफळ. हाताने हलकं कालवलं, कारण डावाने पोहे मोडतात. मग कडेने केळी, सफरचंदाच्या फोडी, खजूर, आमचे मशीद बंदरचे बदाम आणि वर गुलाबाच्या पाकळ्या. हा मलिदा. वर्तमानपत्रांनी या शब्दाची फार वाईट गत केली आहे. ठेकेदाराने मलिदा लाटला, पुढाऱ्याने मलिदा खाल्ला. दर्ग्यावर चढवतात तोही मलिदा आणि इथे प्रेषितासमोर ठेवतात तोही. परातीपाशी उभी होते तेव्हा वाटलं, मथळा लिहिणाऱ्यांनी हा शब्द एकदा इथे येऊन पाहावा.

टोपी घातलेल्या पुरुषांनी प्रार्थना सुरू केली. हिब्रू मला कळत नाही, पण 'एलियाहू हानबी' हे शब्द परत परत येत होते आणि चाल अशी की मागच्या बायका आपसूक गायला लागल्या. झाडावरचं फळ, जमिनीतलं फळ, प्रत्येकाचा आशीर्वाद निराळा, तो म्हटल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. मामींनी मोबाइलवर अश्दोद लावून दिलं. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. मावशी काठी टेकून उभी होती, डोक्यावर पदर. आईने फोन कातळासमोर धरला. दोघी काही बोलल्या नाहीत. आईचा हात थरथरत होता म्हणून मी कोपराखाली हात लावला.

मलिदा वाटायला गावातल्या दोन पोरी पुढे आल्या. पाण्याची कळशी भरणारी बाई गावातली, देव्हाऱ्यात खंडोबा पुजणारी. ती द्रोण कपाळाला लावून खात होती.

शुक्रवार, नवगाव आणि मामींचं स्वयंपाकघर

सकाळी नवगावला गेलो. अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या वाटेवर. फार पूर्वी एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. जे बुडाले त्यांना इथे मूठमाती दिली, पुरुषांना एका ढिगाऱ्याखाली आणि बायकांना दुसऱ्या. आता तिथे स्मारकस्तंभ आहे, भोवती नंतरच्या कबरी. काही दगडांवर हिब्रू आणि मराठी अशी दोन्ही अक्षरं. नावं वाचत गेले. नवगावकर, किहीमकर, आवासकर, झिराडकर, रोहेकर. जिथे पाय टेकले त्या गावाचं नाव लावलं आणि तेच पुढे जगभर नेलं.

वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले होते. पुढे हिब्रूही विसरली. लक्षात राहिली ती 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना. लग्न असो, सुंता असो, मरण असो, तेवढीच म्हणायची. ही माणसं गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी बैल सोडून ठेवू लागली. लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. माझी पणजी आईला सांगायची, "शनवारी तेल मिळत नाही, शुक्रवारीच बुधली भरून आण." सबाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, हा शब्द पणजीने जन्मात ऐकला नव्हता, पण तिच्या आठवड्यात तो होता.

दुपारी मामींकडे परतलो. ओट्यावर फडक्यात बांधलेले वाल. तीन दिवसांपूर्वी भिजवलेले, मोड बोटाच्या पेराएवढे. कोमट पाण्यात सोडले आणि आम्ही तिघी पाटावर बसून सोलायला लागलो. सूर्य मावळायच्या आत चूल बंद व्हायला हवी, म्हणून हात भराभर चालवायचे होते. वालाचा देठाकडचा भाग चिमटीत धरून दाबला की डाळिंबी सालीतून सटकन बाहेर येते. जोर जास्त झाला तर दोन दळं सुटतात. मामींच्या हातून एकही फुटत नव्हती. आईच्या हातूनही. माझ्या हातून दर चौथी.

"आमच्यात याचा रोजा असतो," मामी म्हणाल्या. "बिरड्याचा रोजा."

जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा हा उपास, 'आव' महिन्याच्या नवमीचा. आपल्या आषाढ-श्रावणात येतो. आधीचे आठ दिवस मांस नाही आणि ताटात बिरडं. आई सोलता सोलता थांबली. तिच्या माहेरी श्रावणात बिरडं म्हणजे ठरलेलं. या आळीतही तेच शिजायचं, हे तिला वासामुळे ठाऊक होतं. का शिजायचं ते आज सत्तरी ओलांडल्यावर कळत होतं.

मग मामी त्यांच्या आजेसासूच्या तोंडची सणांची नावं सांगत गेल्या आणि मी ओल्या हातांनीच वहीत उतरवत गेले. नव्याचा सण म्हणजे नवं वर्ष. त्यानंतर नव्या तांदळाचा खिरीचा सण, खीर नारळाच्या रसातली. दारफळणीचा सण, त्या दिवशी पांढरे कपडे घालून उपास करायचा आणि दारं लावून घ्यायची, कुणा परक्याशी बोलायचं नाही. हा यॉम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. होळीचा सण म्हणजे पुरीम. आणि 'अनाशी ढाकाचा सण'. अनाशी म्हणजे आंबवणाचं मडकं. पासओव्हरला, म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याच्या सणाला, आंबवलेलं चालत नाही. मिसर देशाची, फारोची, सुटकेची गोष्ट विसरली होती, ग्रंथ नव्हता, पण वर्षातल्या त्या दिवसांत मडक्यावर झाकण ठेवायचं हे बायका विसरल्या नाहीत. मी लिहायची थांबले. धर्म टिकला तो कुठे टिकला, हे समोर ओट्यावरच दिसत होतं.

या यादीत हनुक्का, जेरुसलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केल्याचा दिव्यांचा सण, नव्हता. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला मात्र १९३७ साली, तेल अवीवला. आपले पूर्वज हनुक्काची घटना घडण्याआधीच निघाले असावेत, असा त्यांचा तर्क होता. विद्वानांत यावर मतभेद आहेत आणि मी त्यात पडत नाही. डेव्हिड रहाबी यांची कथा मात्र माझी फार आवडती आहे. हे गृहस्थ या तेल्यांकडे आले तेव्हा खरे ज्यू कोण हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. "हे आम्ही खात नाही." का खात नाही, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

बिरड्याला नारळाचा रस घालून मामींनी खाली उतरवलं तेव्हा सहा वाजायला आले होते. काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, वर खोबरेल, त्यात वात. मामींनी डोक्यावर पदर घेतला, ज्योत लावली, हात ओवाळल्यासारखे तीनदा आपल्याकडे घेतले आणि डोळ्यांवर ठेवले. आईने माझ्याआधी हात जोडले होते. काळ्या मनुका कुस्करून गाळलेलं सरबत पेल्यात होतं, ते द्राक्षारसाच्या ऐवजी. मामांच्या फोटोसमोर मामी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मुलं दोघंही तिकडे आहेत.

शनिवार, अलिबाग

आज लिहायला फार नाही. सकाळी मामींबरोबर आळीतल्या 'मागेन आबोथ'मध्ये गेलो. १८४८ साली बांधलेलं, १९१० मध्ये पुन्हा उभारलेलं. दारातून जाताना मामींनी चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मग्रंथातली वचनं ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटं लावून ओठांशी नेली. प्रार्थना संपल्यावर एका म्हाताऱ्या काकांनी माझे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि मग आपली बोटं ओठांना लावली. "ही हातबोशी," ते म्हणाले, "सगळ्यांशी करतात." त्यांचे तळवे खरखरीत आणि ऊबदार होते.

बाहेर आळीत पर्यटकांच्या गाड्या अडकल्या होत्या, भोंगे वाजत होते. १९४८ नंतर इथली घरं एकेक करत रिकामी झाली. तिकडे गेल्यावरही वाट सोपी नव्हती. तुम्ही पुरते ज्यू आहात का, असा प्रश्न लग्नाच्या नोंदणीत विचारला गेला. त्याविरुद्ध त्यांना रस्त्यावर यावं लागलं, तेव्हा १९६४ साली प्रश्न सुटला. मासे निवडून ज्यांनी शतकानुशतकं ओळख जपली त्यांना कागद मागितला गेला, याचा मला आजही राग येतो. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात पाच हजारही ज्यू उरले नव्हते. महाराष्ट्राने त्यांना २०१६ साली अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

दुपारभर घरात काहीच झालं नाही. चूल नाही, टीव्ही नाही. मामी आणि आई पलंगावर आडव्या होऊन शाळेतल्या मुलींची नावं आठवत होत्या. मी खिडकीत बसून राहिले. इतका रिकामा दिवस मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

रविवार, रेवदंडा आणि चौल

मामी आज मोकळ्या होत्या, रिक्षा करून आमच्याबरोबर निघाल्या. वाटेत नागावच्या वाड्या, सुपारीची झाडं आणि एका शेताच्या कडेला पोपटीचं मडकं पालथं घातलेलं. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजायचा हा मोसम.

रेवदंड्याचं 'बेथ एल' १८४२ सालचं. आम्ही बाहेरूनच हात जोडले आणि चौलला गेलो. लहानपणी दूरदर्शनवर 'बूट पॉलिश' पाहताना जॉनचाचासाठी मी हुंदके देऊन रडले होते. त्या भूमिकेतल्या डेव्हिड यांचं पुरं नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे मला या प्रवासाची तयारी करताना समजलं. चेऊल म्हणजे हेच चौल. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा, तो लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर. पडद्यावर जॉनचाचा म्हणून ज्यांना आपण डोक्यावर घेतलं ते आपल्याच शेजारच्या आळीतले होते.

चौलच्या देवळाच्या पायरीवर बसून मामींनी कीर्तनाची आठवण काढली. बेने इस्राएलांनी १८८० च्या सुमारास आपलं कीर्तन उभं केलं. पद्धत आपल्या हरिदासांची. ओव्या, साक्या, दिंड्या, अभंग, सगळं मराठी. आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. मामींच्या आईला योसेफाचं आख्यान पाठ होतं. मामींना त्यातल्या दोन ओळी येत होत्या. भावांनी योसेफाला विहिरीत टाकलं तिथल्या. त्यांनी त्या साकीच्या चालीवर म्हणून दाखवल्या. देवळात येणारी एक बाई पायात चपला अडकवता अडकवता थांबली. तिने दोन्ही ओळी ऐकून घेतल्या आणि विचारलं, "पुढे काय झालं हो त्याचं?"

मामींनी तिला सगळी गोष्ट सांगितली. अर्धा तास लागला. इजिप्तचा दुष्काळ, धान्याची कोठारं, भावांची भेट. भावाने भावाला ओळखलं तिथे त्या बाईने पदराने डोळे पुसले.

परतताना पेणला उतरलो. आईला कडवे वाल घ्यायचे होते. बाजारात तिने पाच दुकानं पालथी घातली, दाणा दाताखाली धरून पाहिला आणि मग दोन किलो घेतले. बस यायला अवकाश होता. स्टँडवरच्या बाकावर तिने मामींना फोन लावला.

"वहिनी, यंदा बिरड्याचा रोजा कधी येतो?"

मामींनी तारीख बघून सांगितली. ऑगस्टचा पहिला आठवडा. आईने माझ्या पर्समधली वही मागून घेतली, मागच्या पानावर तारीख लिहिली आणि खाली लिहिलं : 'वाल तीन दिवस आधी भिजत घालणे.'